ऑर्केस्ट्राला चाळीस माणसं: कॉलेजच्या सभागृहाचं वर्ष कसं लावायचं

मॅडम, तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत एकदा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातलं, म्हणजे भातशेतीच्या भागातलं, तालुक्याच्या ठिकाणचं कॉलेज. पावणेतीनशे खुर्च्यांचं सभागृह, पक्कं स्टेज. उघडतं वर्षातून दोनदा, शिक्षक दिनाला आणि गॅदरिंगला. प्राचार्यांनी सांस्कृतिक समिती तुमच्या गळ्यात घातली. तुम्ही हौसेनं नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरचा ऑर्केस्ट्रा आणला, तिकीट शंभर रुपये, वेळ रात्री आठ. आली चाळीस माणसं, त्यातली निम्मी स्टाफची. आता तुम्ही विचारताय की आपल्या भागात लोकांना कलेची आवडच नाही का, आणि असं असेल तर वर्षभराचे कार्यक्रम आखायचे तरी कसे.

आवड नाही हे आधी डोक्यातून काढा. तुमचा ऑर्केस्ट्रा चालू होता त्याच आठवड्यात तुमच्या तालुक्यातल्या निदान दोन-तीन गावांत मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचं, नाटक उभं असणार, आणि तिथं बसायला जागा नसणार. भाऊबीजेपासून मंडया सुरू झाल्या की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत होळीच्या आसपासपर्यंत रोज रात्री कुठे ना कुठे नाटक असतंच. वडश्याला, म्हणजे देसाईगंजला, नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. गावचं मंडळ तिथं जाऊन नाटक ठरवतं, विसार देतं, तारीख पक्की करतं आणि गावात येऊन तिकीट लावतं. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत नाटक चालतं. आयाबाया चादरी घेऊन, लेकरं मांडीवर घेऊन, तिकीट काढून बसतात. या रंगभूमीवरच्या कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. खिशातून पैसे काढून नाटक बघणारा खेड्यातला माणूस शोधायचा तर आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे याच चार जिल्ह्यांत, यावं लागेल. तुमची चूक प्रेक्षक ओळखण्यात नाही झाली. त्याच्या ऐन सणाच्या, ऐन कापणीच्या आठवड्यात तुम्ही त्याला आपल्या सोयीच्या जागी बोलावलंत, एवढीच चूक झाली.

माझी ओळख म्हणाल तर विषय भौतिकशास्त्र आणि खोड नाटकाची. नोकरीला लागण्याआधी तीन हंगाम झाडीपट्टीच्या नाटकांत इन्स्पेक्टरची भूमिका केली, कारण उंची होती आणि टोपी डोक्यात बसायची. नंतर बावीस वर्षं एका छोट्या कॉलेजात सांस्कृतिक समिती सांभाळली. तेव्हा खाली जे लिहितो ते बहुतेक हात पोळून शिकलेलं आहे.

सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि त्यावर शेतीचं वर्ष लिहा. विद्यापीठाचं कॅलेंडर नंतर. जुलै ते ऑगस्टचा मध्य म्हणजे रोवणी, धानाची रोपं चिखलात लावायचे दिवस. या दिवसांत गावचा प्रेक्षक चिखलात असतो, त्याला बोलावूच नका. पण हाच काळ दुसऱ्या कामासाठी सोन्यासारखा असतो, त्यावर पुढे येतो. पोळा आणि तान्हा पोळा आटोपला की गणपती, आणि सप्टेंबरात माणसाला जरा श्वास घ्यायला फुरसत मिळते. हा पहिला खरा मोकळा काळ. मग विद्यापीठाचा युवक महोत्सव, नवरात्र, हलक्या धानाची कापणी, परीक्षा. नोव्हेंबर तर पूर्णच कापणीचा आणि मंडईचा. ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, त्याची ही आठवण. मी दोनदा हा दिवस साजरा करून पाहिला. एकदा दिवाळीची सुटी होती आणि एकदा हॉलमध्ये मी, शिपाई आणि नटराजाची मूर्ती असे तिघं होतो. रंगभूमी दिन आपल्याकडे लोक मंडईत साजराच करतात, फक्त त्याला ते नाव देत नाहीत.

मळणी आटोपून धान घरात किंवा खरेदी केंद्रावर गेलं की डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा तुमचा दुसरा आणि मोठा मोकळा काळ. हातात थोडा पैसा असतो, हवा थंड असते. थंडीचा फायदा निव्वळ सुखाचा नाही, आवाजाचाही आहे: पंखे बंद ठेवता येतात. एप्रिल-मेमध्ये हॉलमध्ये कूलर लावला की पहिल्या रांगेतल्या माणसालाही नटाचं वाक्य कळत नाही, आणि कूलर बंद केला की प्रेक्षक उठून जातो. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचणं, मेमध्ये तेंदूपत्ता. जंगलाला लागून असलेल्या गावांतली पोरं तेव्हा वर्गातच नसतात तर हॉलमध्ये कुठून येतील? मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत सभागृहाला कुलूप घाला आणि दुरुस्त्या करा. २७ मार्चच्या जागतिक रंगभूमी दिनाचा मोह आवरा. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन मात्र अचूक जागी येतो, तो सोडू नका.

हे सगळं धानपट्ट्याचं झालं. यवतमाळ-वर्ध्याकडचे कोणी वाचत असतील तर त्यांनी आपला कागद वेगळा करावा. कापसाची वेचणी ऑक्टोबरात सुरू होऊन जानेवारीपर्यंत पुरते, तिथं आमचा डिसेंबर चालायचा नाही.

आता वेळ. इथं मी सगळ्यात जास्त चुकलो आहे. मला वाटायचं आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यांतून माणसं येतातच, तर दुपारी दोनला कार्यक्रम ठेवावा. ठेवला. हॉल भरला, मी खूश. साडेतीनला पहिली बाई उठली, तिच्या पाठोपाठ पिशव्या सावरत रांगच लागली. पावणेचारची बस होती. एका म्हातारीनं जाताना स्टेजजवळ येऊन मला समजावलं, “मास्तर, गानं चांगलं हाये, पन वांगे घरी नेऊन रांधाचे हायेत ना.” त्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये दोन वांगी आणि एक कोथिंबिरीची जुडी सापडली. बाजाराचा दिवस जाहिरातीसाठी उत्तम, कार्यक्रमासाठी कामाचा नाही.

तुमच्याकडे प्रेक्षक दोन आहेत आणि ते एका खुर्चीत बसत नाहीत. एक विद्यार्थी. तो सकाळच्या बसनं येतो आणि दुपारच्या बसनं जातो, म्हणून त्याचा कार्यक्रम साडेअकरा ते दीड. दुसरा गावातला माणूस: शिक्षक, दुकानदार, बँकेतली मंडळी, आसपासच्या दोन-तीन किलोमीटरवरून गाडीनं येऊ शकणारी कुटुंबं. यांच्यासाठी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. रात्री आठची वेळ नागपूरला ठीक. आपल्याकडे आठला बाई स्वयंपाकघरात असते, आणि बाई आली नाही तर कुटुंब येत नाही. दूरच्या खेड्यातला प्रेक्षक हॉलमध्ये येणार नाही हे मान्य करा. त्याच्याकडे त्याचं नाटक आहे आणि ते आपल्यापेक्षा जोरकस आहे.

आणि दिवस ठरवून टाका. महिन्याचा दुसरा शनिवार म्हणा किंवा दुसरा कुठलाही, पण तोच. पोस्टर लावून माणसं येतात यावर माझा फारसा विश्वास नाही. “दुसऱ्या शनिवारी कॉलेजात काहीतरी असते” हे वाक्य चहाच्या टपरीवर ऐकू यायला आम्हाला दोन वर्षं लागली, पण त्यानंतर कार्यक्रम कोणता हे न विचारता येणारी साठ-सत्तर माणसं तयार झाली. तुमच्या चाळिसांतली स्टाफबाहेरची वीस माणसं कोण होती, ते शोधून काढा. पुढच्या कार्यक्रमाचं निमंत्रण त्यांच्या घरी जाऊन द्या. कापणीच्या आठवड्यात रात्री आठला शंभर रुपये देऊन आलेली माणसं तुमच्या हॉलचा पाया आहेत.

कार्यक्रम कोणते करायचे याआधी हॉलबद्दल बोलू, कारण तुम्ही लिहिलंय की गायकाचे शब्द कळत नव्हते आणि लोक म्हणाले साउंड खराब होता. साउंडवाल्याला शिव्या देण्याआधी रिकाम्या हॉलमध्ये स्टेजच्या मध्यावर उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळी परत आली का? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मूळ आवाजानंतर सेकंदाच्या विसाव्या भागाहून उशिरा परत आलेला आवाज कानाला वेगळा जाणवू लागतो, म्हणजे जाऊन-येऊन १७ मीटर. मागची भिंत साडेआठ मीटरपेक्षा लांब असेल आणि ती गुळगुळीत, ऑइलपेंट मारलेली असेल, तर प्रत्येक शब्दामागे त्याचं भूत येणार. आपल्या कॉलेजांची सभागृहं बहुतेक अशीच असतात: खाली फरशी, वर स्लॅब, चारी बाजूंना सपाट भिंती. त्यात साउंडवाला आवाज वाढवतो, तसं भूतही वाढतं.

यावर उपाय महाग नाहीत. मागच्या भिंतीवर जाड कापडाचे पडदे, चुण्या घालून, भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवून टांगा. आम्ही सुरुवातीला धानाची रिकामी पोती, म्हणजे बारदाना, उसवून शिवून त्याचे पडदे केले होते. दिसायला गरीब, कामाला श्रीमंत. फक्त बारदान्याला झटकन आग लागते, तेव्हा दिवे आणि वायरिंग यांच्यापासून ते दूर हवं. जमलं तर अग्निरोधक कापडच घ्या. पुढच्या खुर्च्या काढून तिथं सतरंज्या अंथरा, फरशीवरून उसळणारा आवाज कमी होतो आणि पोरं पुढे बसतात. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचा सल्ला कोणी देईल. कृपा करून तो ऐकू नका, उपयोग जवळपास शून्य आणि आगीला आमंत्रण. भोंगे एका बाजूला न लावता दोन्ही बाजूंना, प्रेक्षकांच्या डोक्याच्या किंचित वर आणि तोंड खाली करून लावा, म्हणजे आवाज भिंतीवर न आदळता माणसांवर पडेल. माणूस हा सगळ्यात चांगला आवाजशोषक. चाळीस माणसांत जो साउंड खराब वाटला तो अडीचशेत बराच सुधारला असता.

आमच्याकडे एका जुन्या खडी गंमतवाल्या, म्हणजे उभ्यानं सादर होणाऱ्या आपल्याकडच्या लोकनाट्यातल्या, शाहिरांना बोलावलं होतं. माईक समोर ठेवला तर त्यांनी तो हातानं बाजूला सारला. “आमाले नाई लागत हा भोंगा,” म्हणाले आणि सुरू झाले. शेवटच्या रांगेत शब्दन् शब्द पोचला. पावणेतीनशेच्या हॉलमध्ये भिंती नीट केल्या तर गाण्याला माईक लागेल, नाटकाला लागेलच असं नाही. पोरांना आधी बिनमाईकचं बोलायला शिकवा.

दिव्यांबद्दल थोडक्यात. नटाच्या चेहऱ्यावर समोरून दोन बाजूंनी, साधारण ४५ अंशांतून, वरून खाली उजेड पडला की काम झालं. सरळ समोरून दिवा मारला की चेहरा भाकरीसारखा सपाट दिसतो. आठ एलईडी पार, म्हणजे स्टेजवर झोत टाकणारे डबीसारखे दिवे, घेतले तर छोट्या स्टेजचं भागतं. आणि विजेचा लोड आधी मोजा. जुने पार कॅन १००० वॅटचे असतात. असे बारा लावले की १२ किलोवॅट, २३० व्होल्टला ५० अँपिअरच्या वर. तेच एलईडीचे आठ दिवे दीड किलोवॅटच्या आत बसतात. आमच्याकडे एकदा बाहेरून आलेल्या एका मंडळींच्या विजेवाल्यानं सगळे दिवे एकाच फेजवर टाकले. दुसऱ्या अंकात मेनमधला न्यूट्रल जळून तुटला. थ्री फेजमध्ये न्यूट्रल तुटला की ज्या फेजवर लोड कमी, तिथलं व्होल्टेज चढत चारशेच्या जवळ जाऊ शकतं. भौतिकशास्त्राच्या वर्गात हे मी दरवर्षी शिकवत होतो. त्या रात्री अ‍ॅम्प्लिफायर गेला, ऑफिसमधले दोन पंखे गेले आणि प्राचार्यांच्या टेबलावरचा नवा कॉम्प्युटर गेला. पुढचं वर्षभर मला सांस्कृतिक समितीसाठी एक रुपया मिळाला नाही. तेव्हापासून बाहेरच्या कोणालाही मेन स्विचला हात लावू देत नाही. गावातला लायसन्सवाला वायरमन कार्यक्रमभर हॉलमध्ये बसवतो आणि त्याचे पैसे बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहितो. विंगेत एक सीओटू आणि एक पावडरचं अग्निशामक ठेवा, आणि मागचं दार कार्यक्रमभर उघडं. ते दार बहुतेक ठिकाणी मोडक्या बेंचांनी अडवलेलं असतं.

कागदपत्रांची धास्ती घेऊ नका, पण टाळाटाळही करू नका. तिकीट लावून किंवा सार्वजनिक नाटक करायचं तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. आधी प्रयोग झालेलं नाटक असेल तर ते बहुधा लेखकाकडे असतं, प्रत मागून घ्या. लेखकाची लेखी परवानगी आणि त्याचं मानधन हे दुसरं. राज्य नाट्य स्पर्धेत हौशी संघांना जे करावं लागतं तेच आपणही करायचं. गॅदरिंगमध्ये सिनेमाची गाणी म्हणायला चालतात का, असं बरेच जण विचारतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, सादर करणारे विद्यार्थी किंवा शिक्षक असतील आणि बघणारे विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढेच असतील, तर ती सूट आहे. तिकीट लावून गावाला बोलावलं की ही सूट संपते आणि संगीताचा परवाना घ्यावा लागतो. नाटक, नृत्य, संगीताच्या तिकिटाला माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही, त्यामुळे आपल्या तीस रुपयांच्या तिकिटावर त्याची चिंता नको. पोलीस ठाण्याला तारखेचं पत्र द्या, पोच घ्या. रात्री दहानंतर बाहेर भोंगा नाही. आवाज हॉलच्या आत राहिला तर नियमाची अडचण येत नाही.

आता तो पावसाळा. झाडीपट्टीतले नट, पेटीवाले, तबलजी, नेपथ्यवाले हंगाम संपल्यावर आपापल्या गावी असतात. अनेकांची शेती असते, रोवणीचे आठ-पंधरा दिवस सोडले तर जुलै-ऑगस्टमध्ये ते भेटू शकतात. दिवाळीनंतर त्यांना उसंत नसते. त्यांना चार दुपारांसाठी कॉलेजात बोलवा. व्याख्यान द्यायला नको, शिकवायला. नाटकातलं गाणं कुठून उचलायचं, विनोदी नटानं टाळी कशी थांबवायची, प्रॉम्प्टरचं वाक्य कानानं घेऊन तोंडानं आपलं कसं करायचं, पाचशे-हजार माणसांसमोर आवाज कसा टाकायचा, हे पुस्तकात मिळत नाही. आमच्या पोरांना अशा एका कलावंतानं पहिल्याच दिवशी मैदानात उभं केलं आणि पन्नास पावलांवरून एकमेकांना शेतातल्या बातम्या सांगायला लावल्या. “कुजबूजही त्या झाडापर्यंत गेली पाहिजे,” हा त्यांचा धडा. सप्टेंबर-ऑक्टोबरात युवक महोत्सवाला जाणाऱ्या मुलांना याचा थेट उपयोग होतो: एकांकिकेला तीस मिनिटं, प्रहसनाला दहा, मूकाभिनयाला पाच, एवढ्यात जो आवाज आणि देह वापरता येतो तो अशा तालमीतच तयार होतो.

पैसे मात्र पूर्ण आणि आधी द्या. लोककलावंताला शाल-श्रीफळ देऊन वाटेला लावायची आपल्याकडे फार वाईट सवय आहे. पाकीट कार्यक्रमाच्या आधी, येण्याजाण्याचं भाडं वेगळं, जेवण वेळेवर. असं केलंत तर पुढच्या वर्षी तुम्हाला कुणाला शोधायला जावं लागणार नाही, तेच चार जणांना घेऊन येतील.

दंडार (हेही आपल्याकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य) किंवा खडी गंमत हॉलमध्ये करणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: स्टेजवर करू नका. मी केली होती, मेली. दंडार गावात मोकळ्यावर, माणसांच्या गराड्यात रंगते. तिला चार फूट उंचीवर चढवून समोर खुर्च्यांच्या रांगा लावल्या की तोंडासमोर आरसा धरल्यासारखे कलावंत बुजतात. पुढच्या वर्षी खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या, मधली फरशी मोकळी केली, प्रेक्षक तिन्ही बाजूंना खाली बसवले. ढोलकी कुठं संपते आणि पोरांच्या टाळ्या कुठं सुरू होतात ते कळेना. गडचिरोलीकडच्या विद्यार्थ्यांचं रेला नृत्यही तसंच, साखळीचा फेर स्टेजच्या चौकोनात मावत नाही. आणि ते “आदिवासी नृत्य” म्हणून गॅदरिंगमध्ये पिसं लावून दुसऱ्याच पोरांकडून करवून घेऊ नका. ज्यांचं आहे त्यांना विचारा, ते म्हणतील तसं करा, नाही म्हणाले तर नाही.

बाकी वर्षात काय? २० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली अमरावतीजवळ वलगावला ते गेले. त्या संध्याकाळी कीर्तन ठेवा, गाव येतो, बायका जास्त येतात. खंजिरी भजनाची मंडळं प्रत्येक तालुक्यात आहेत. तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीहून जो खंजिरीचा नाद पसरवला तो अजून टिकून आहे. तीन मंडळांना एका संध्याकाळी बोलवा, स्पर्धा नको, नुसतं एकामागून एक. जानेवारीत मुलांची एकांकिका, फेब्रुवारीत भाषा दिनाला झाडीबोलीतल्या कवींचं कविसंमेलन. कवी बारापेक्षा जास्त नको, हा नियम मी रक्त आटवून शिकलो. ऑर्केस्ट्रा आणायचाच तर जानेवारीत आणा, नागपूरचा नको, गावातल्याच लग्नात वाजवणाऱ्या पोरांचा आणा. त्यांचे शंभर नातेवाईक तरी तिकीट काढतील.

आणि सत्कार. कार्यक्रमाचा सगळ्यात मोठा शत्रू तो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, पाहुण्यांची चार भाषणं, आणि कलावंत विंगेत पाऊण तास मेकअप करून घामाघूम. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीला फोटो लागतात हे मान्य. मी प्राचार्यांशी तह केला होता: फोटोपुरता दिवा पेटेल, एकच माणूस बोलेल, दहा मिनिटं, आणि तिसरी घंटा वेळेवर होईल. उरलेले सत्कार मध्यंतरात चहाच्या टेबलाशी. एक माजी आमदार यावर रुसले, पण पुढच्या वेळी वेळेवर आले.

आता तुमच्या पत्रातली ती एक ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत: मुली तालमीला थांबत नाहीत. मॅडम, खरी अडचण हीच आहे, बाकीचं सगळं विकत मिळतं. मुली थांबत नाहीत कारण शेवटची बस साडेचारची आहे आणि ती हुकली तर बापाला गाडी घेऊन यावं लागतं. बाप एकदा येतो, दुसऱ्यांदा कॉलेजच बंद करतो. माझ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं, “सर, बस हुकली तं घरी काय सांगू, नाटक करत होती?” तेव्हापासून आमची नाटकं बसच्या वेळापत्रकानं बसायला लागली. तालीम अकरा ते एक, मोकळ्या तासांत. त्यासाठी टाइमटेबल लावणाऱ्या सरांना जूनमध्येच चहा पाजावा लागतो. संहिता निवडताना मुलींचे प्रवेश एकमेकींत जास्त असतील अशी निवडायची, म्हणजे एका गावच्या दोघी प्रवासातही वाक्यं म्हणू शकतात. रंगीत तालमीच्या दिवशी उशीर होणारच, त्या एका दिवसासाठी आधी आठ दिवस पालकांना भेटायचं, फोनवर नाही, घरी जाऊन, आणि सोबत शक्यतो तुम्ही स्वतः. पुरुष शिक्षक गेला की उत्तर वेगळं मिळतं. परतीला कॉलेजची नाहीतर भाड्याची जीप, तिच्यात एक मॅडम, आणि प्रत्येक मुलगी दारात उतरल्याचा फोन. जीपचं भाडं वायरमनच्या खाली दुसऱ्या ओळीत लिहा. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार कला-सांस्कृतिक उपक्रमांना अभ्यासक्रमात क्रेडिट आहेत, हे पालकांना सांगायला उपयोगी पडतं. “मार्क मिळतात काय?” हा प्रश्न येतोच, आणि आता त्याला हो म्हणता येतं.

ग्रीनरूमला आतून कडी आणि जवळ बाथरूम आहे का तेही बघा. आमच्याकडे मुली पदार्थविज्ञानाच्या डार्करूममध्ये साड्या नेसायच्या, मी खिडकीला काळा कागद लावून दिला होता. तीन वर्षं मागणी केल्यावर खोली मिळाली.

येत्या आठवड्यात फक्त एवढं करा: हॉलची किल्ली कोणाकडे असते ते विचारा. बहुतेक ती हेडक्लार्कच्या कपाटात असेल आणि ते रजेवर असतील. दुसरी किल्ली करून घ्या, एकट्याच आत जा, स्टेजवर उभ्या राहून टाळी वाजवा, आणि मागच्या भिंतीपर्यंत पावलं मोजून मला कळवा. पडद्याला किती मीटर कापड लागेल ते मी काढून देतो.